नळीचं तोंड आणि गोळीचा दम

२ जानेवारी १९६१ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी महाराष्ट्र पोलिसांना ध्वज प्रदान केला. त्याची आठवण म्हणून दरवर्षी जानेवारीच्या सुरुवातीला 'रेझिंग डे' सप्ताह होतो आणि शाळकरी मुलांपुढे पोलिसांची शस्त्रं मांडली जातात. सालेकसा, देवरी या तालुक्यांनी नक्षलवादाची झळ सोसलेल्या गोंदिया जिल्ह्यात अशा टेबलाभोवती कुतूहल अधिकच असणार. पण 'यात सगळ्यात मोठी बंदूक कोणती?' हा प्रश्न जितका स्वाभाविक, तितकाच फसवा आहे. नळीचं तोंड मोठं म्हणजे गोळीत दम मोठा, हे गृहीतच चुकीचं आहे. नेमबाज स्वप्निल कुसाळेने २०२४च्या ऑलिम्पिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक जिंकलं, त्यातल्या रायफलची गोळी ५.६ मिलिमीटरची असते, पोलिसांच्या इन्सास रायफलची ५.५६. जाडी जवळपास सारखीच. मात्र पहिली गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास आणि सेकंदाला साधारण ३३० मीटर वेगाची, तर दुसरी चार ग्रॅमची आणि ९०० मीटरची. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते; त्यामुळे इन्सासच्या गोळीची ऊर्जा दहापटीहून जास्त भरते. एके-४७ आणि एसएलआर या दोन्ही रायफली ७.६२ मिलिमीटरच्याच, पण एकीची पुंगळी ३९ मिलिमीटर लांब, दुसरीची ५१. लांब पुंगळीत दारू जास्त मावते, म्हणून एसएलआरची ऊर्जा सुमारे दीडपट.

हाच हिशेब खांद्यालाही चुकता करावा लागतो. गोळी आणि दारूचा वायू पुढे सुटतात, तसा दस्ता मागे येतो. न्यूटनचा तिसरा नियम इथे हाडाला कळतो. एसएलआर आणि इन्सास वजनाला जवळपास सारख्या असूनही एसएलआरचा झटका इन्सासच्या दुपटीहून मोठा असतो. दस्ता खांद्याच्या खळगीत घट्ट बसला नसेल, तर तो गालफडावर किंवा गळपट्टीच्या हाडावर आदळतो. आवाज १५० डेसिबलच्या वर जातो. कानाला इजा व्हायला १४० पुरेसे असतात. शिवाय नेम चुकला तर एसएलआरची गोळी तीन किलोमीटरहून लांब जाऊ शकते. गोंदियाच्या सपाट धानाच्या बांध्यांत तिला अडवायला काही नाही, म्हणूनच चांदमारीत निशाणामागे मातीचा उंच बांध लागतो.

यावर कुणी म्हणेल, मुलांना एकदा मोठी रायफल चालवू दिली की भीती मोडेल आणि पोलीस भरतीची ओढ लागेल. ओढ लागावी, हे मान्य. पण भीती मोडण्यापेक्षा तिची जागा समजुतीने घेणं महत्त्वाचं, आणि समजूत एका फैरीने येत नाही. कायद्याचीही चौकट आहे: इन्सास, एसएलआर आणि एके-४७ या सामान्य नागरिकांना निषिद्ध असलेल्या रायफली आहेत. ज्याला खरंच नेम शिकायचा आहे, त्याला एनसीसीची पॉइंट टू-टू रायफल किंवा एअर रायफलचा मार्ग मोकळा आहे, आणि कुसाळेचं ऑलिम्पिक पदकही पॉइंट टू-टूच्याच छोट्या गोळीने मिळालं आहे. प्रदर्शनात बंदुकीशेजारी तिची रिकामी पुंगळी, गोळीचं वजन आणि वेग लिहिलेली पाटी ठेवावी. मोठी रायफल चालवून बघायला देऊ नये.