हळद, लसूण, तुळस: जिवाणूंशी खरंच लढतात का?

बोट कापलं की हळद, दात दुखला की लवंग, घसा धरला की तुळशीचा काढा. तुमच्या घरीही हेच चालतं ना? जबलपूरच्या मराठी घरांत तर आजीबाईच्या बटव्याला जंगलाचीही साथ असते. हिरडा, बेहडा, आवळा ही इथल्याच वनांची देणगी. शहरातली उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था १९८८ पासून मध्य भारतातल्या वनसंपदेवर काम करते आहे. पण रोजच्या वापरातल्या या वनस्पतींमध्ये नेमकं असतं तरी काय?

लसूण: आधी ठेचा, मग थांबा
अख्ख्या पाकळीत जिवाणूंना मारणारं अ‍ॅलिसिन नसतंच. पाकळी ठेचली की तिच्यातले वेगवेगळे ठेवलेले दोन घटक एकत्र येतात आणि ते तयार होतं. अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये ते वेगळं काढलं. अख्खी पाकळी थेट गरम फोडणीत टाकली, तर ते बनण्याआधीच एन्झाइम निकामी होतं. म्हणून ठेचलेला लसूण दहा मिनिटं तसाच ठेवा.

हळद: पिवळ्या रंगातली ताकद
हळदीतलं कर्क्युमिन जिवाणूंची वाढ रोखतं, हे १९४९ मध्येच प्रसिद्ध झालं. अडचण अशी, की ते पाण्यात विरघळत नाही आणि पोटातून रक्तात फारच थोडं पोहोचतं. सायीचं दूध आणि चिमूटभर मिरपूड यांनी थोडी मदत होते.

तुळस आणि लवंग
दोन्हींत युजेनॉल असतं. दंतवैद्यांच्या तात्पुरत्या सिमेंटमध्येही तेच वापरतात.

मग डॉक्टर कशाला?
प्रयोगशाळेत जिवाणूंवर हा अर्क थेट टाकला जातो. काढ्यातून तेवढी मात्रा फुप्फुसापर्यंत किंवा मूत्रपिंडापर्यंत पोहोचत नाही. म्हणून हे लक्षात ठेवा:

- तीन दिवसांपेक्षा जास्त ताप, धाप लागणं, लघवीला जळजळ किंवा जखमेत पू असेल, तर काढ्यावर वेळ घालवू नका. तान्ह्या बाळाला ताप आला तर लगेच डॉक्टरांकडे न्या.
- डॉक्टरांनी दिलेली अँटिबायोटिक्स 'आता बरं वाटतंय' म्हणून मनानेच बंद करू नका.
- रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर हळद-लसणाच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय घेऊ नका.

आजीचा बटवा जरूर जपा, पण त्याच्या शेजारी डॉक्टरांचा नंबरही असू द्या.