सिकलसेलच्या नोंदवहीत किडनी कुठे आहे?

रायपूरच्या गेल्या दोन-अडीच दशकांतल्या सिकलसेलच्या कामाकडे मागे वळून पाहिलं की आधी नजरेत भरते ती मोजणी. 2011 मध्ये डॉ. पी. के. पात्रा आणि सहकाऱ्यांनी छत्तीसगडमधल्या साडेतीन लाखांहून अधिक जणांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतले 9 टक्क्यांहून अधिक वाहक होते. हा फक्त आदिवासींचा आजार, ही समजूतही टिकली नाही, कारण साहू-कुर्मी घरांतही तो भरपूर आढळतो. पुढे रायपुरात स्वतंत्र सिकलसेल संस्था आली आणि जुलै 2023 मध्ये शहडोलहून राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली. हे काम मोठंच आहे. पण या आजाराची नोंद रक्ताच्या खात्यात झाली आणि बव्हंशी तिथेच राहिली. माझ्या मते तो या भागातला एक प्रमुख आनुवंशिक किडनीविकारही आहे, आणि उपचारांची आखणी तसं मानूनच व्हायला हवी.

किडनीच्या गाभ्यात प्राणवायू मुळातच कमी, क्षार दाट आणि आम्लता जास्त. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकायला एवढं पुरतं. बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि लघवी दाट करण्याची ताकद लहानपणीच कमी होते. शिकागोच्या हेरिक यांनी 1910 मध्ये वर्णन केलेल्या पहिल्याच रुग्णाची लघवी जास्त आणि पातळ होती. मूल सारखं पाणी मागतं, मोठं झालं तरी अंथरूण ओलं करतं आणि घरच्यांची बोलणी खातं. पुढे लघवीतून अल्ब्युमिन जाऊ लागतं. क्रिएटिनिन मात्र बराच काळ नॉर्मल येतं, कारण किडनी गरजेपेक्षा जास्त गाळत असते आणि रुग्णाच्या अंगावर मांस कमी असतं. त्या एका आकड्यावर विसंबून दिलेला दिलासा फसवा ठरतो.

आपल्याकडचा सिकलसेल सौम्य, असं म्हटलं जातं. गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन इथल्या रुग्णांत जास्त टिकतं हे खरंच. पण त्यामुळे किडनी सुरक्षित असल्याचं सिद्ध होत नाही, आणि विदर्भातल्या बालरोग विभागांत अशी मुलं पुन्हा पुन्हा दाखल होतात. दुसरा आक्षेप सुपेबेड्याचा. गरियाबंद जिल्ह्यातल्या या गावात किडनीच्या आजाराने अनेक माणसं गेली आणि बोट दाखवलं गेलं ते पाण्याकडे. पाण्याचा तपास व्हायलाच हवा. पण त्यासाठी आनुवंशिकतेचा तपास का थांबवावा? उरतो खर्च. जनुकांची चाचणी महाग आहे, लघवीतलं अल्ब्युमिन तपासणं नाही. अल्ब्युमिन गळू लागलं की द्यायची एनालाप्रिलसारखी औषधंही जुनी आणि स्वस्त आहेत. आणि कळा आल्या की मेडिकलमधून परस्पर घेतली जाणारी डायक्लोफिनॅकची गोळी याच किडनीवर आघात करते, हे रुग्णाला सांगायला पैसे लागत नाहीत. मोहिमेत वाटल्या जाणाऱ्या सिकलसेल कार्डावर दहाव्या वर्षापासून दरसालच्या लघवी तपासणीचा रकाना हवा, आणि त्याखाली टाळायच्या वेदनाशामकांची नावं, हिंदीत आणि छत्तीसगडीत.