पिकअप उचलायचा? आधी रस्ता बघा, मग किट

एमएच २५ पासिंगचे व्ही-क्रॉस आणि हायलक्सवाले मित्र हल्ली एकच विचारतात, लिफ्ट किट कुठलं घेऊ?

दोन्ही गाड्यांना पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पुढे स्पेसर, मागे ब्लॉक. गाडी उंच दिसते, पण स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर जुनेच राहतात. चाक खड्ड्यात खाली सुटायला वाव कमी उरतो आणि ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटवर कोन वाढतो. सोलापूर-धुळे महामार्गावर धावणाऱ्या गाडीला एवढं पुरतं. पूर्ण किटमध्ये नवे कॉइल, पाटे आणि लांब शॉकअब्सॉर्बर येतात. पावसाळ्यात काळ्या रानातून, ओढ्यातून जायचं असेल तर माझं मत ठामपणे यालाच.

मागे जादा पाटा टाकणं आपल्या बोलेरो पिकअपवाल्यांना नवं नाही. माल कायम भरलेला असेल तर तो उत्तमच. रिकामी गाडी मात्र उडते.

एक गोष्ट फार जण विसरतात. लिफ्टने बॉडी वर जाते, मागचा डिफरन्शियल तिथंच राहतो. तो उचलतो फक्त मोठा टायर.

उंचीबरोबर गुरुत्वमध्यही वर जातो, म्हणून घाटातल्या वळणावर वेग कमीच ठेवा. काम झाल्यावर अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत नीट करून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते स्पष्ट केलंय. पैसे देण्याआधी आरटीओत विचारा.