शिकारीच्या वाड्याचा मठ झाला

श्रोतेहो, जुना वाडा पाहायला गेलो की आपण विचारतो, 'हा कुणी बांधला?' आज ज्या वास्तूविषयी सांगणार आहे, तिथे मात्र निराळा प्रश्न विचारावा लागतो: 'इथे आधी काय होते?'

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. तिच्या नैर्ऋत्येला रानाच्या टेकड्यांत मायरलिंग नावाचे लहानसे गाव आहे. युवराज रुडॉल्फ याने तेथील जागा घेऊन शिकारीसाठी वाडा सजविला. ३० जानेवारी १८८९ रोजी सकाळी तिथल्या बंद खोलीचे दार फोडले, तेव्हा तीस वर्षांचा युवराज आणि सतरा वर्षांची मेरी व्हेत्सेरा ही दोघे मृतावस्थेत आढळली.

दरबाराने आधी सांगितले, युवराजाचे हृदय बंद पडले. पुढे आत्महत्या कबूल करावी लागली. पण त्याचे मन भ्रमिष्ट झाले होते, असे जाहीर केले. एरवी धर्मविधीने दफन झाले नसते ना! मेरीचे नाव मात्र दडविले. तिच्या प्रेताला कपडे चढवून, जिवंत माणसासारखे गाडीत बसवून, रात्रीच्या अंधारात जवळच्या हायलिगेनक्रॉइत्स येथे नेले आणि गुपचूप पुरले.

रुडॉल्फ हा सम्राट फ्रान्झ जोसेफचा एकुलता एक मुलगा. दुःखी बापाने वाड्याचा मठ केला आणि तो कार्मेल संघाच्या धर्मभगिनींच्या स्वाधीन केला. मठाची चौकट न ओलांडता मृतांसाठी प्रार्थना करणे, हे त्यांचे व्रत. जिथे युवराजाचा पलंग होता, तिथे आता चर्चची वेदी आहे. पाहायला गेलेल्या माणसाला ती खोली काही सापडत नाही.

बापाच्या दुःखाला इथे जागा मिळाली. मेरीला ती मिळाली नाही. पण गंमत पाहा, १९२६ साली व्हिएन्नाच्या एका बँकेत कुणीतरी ठेवलेली तिची निरोपाची पत्रे २०१५ साली उजेडात आली. त्यांत तिने आईची क्षमा मागितली आहे. जिचे नाव पुसले, ती मुलगी सव्वाशे वर्षांनी स्वतःच बोलली!

शिक्षकबंधूंनो, मुलांना गावचा पडका वाडा दाखवाल, तेव्हा बांधणाऱ्याचे नाव जरूर सांगा. आणि मग विचारा: 'इथले कुणाचे नाव सांगायचे राहून गेले आहे?'