भैय्या चौकातलं कोटणीसांचं घर

करमाळ्याच्या माणसाला सोलापूर म्हणजे कामाचं गाव. कचेरी, कोर्ट, दवाखाना. काम उरकलं की टेंभुर्णीमार्गे परतीची एसटी धरायची. भैय्या चौकातल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या घराचा उंबरा ओलांडायला मला त्यामुळेच इतकी वर्षं लागली. सबब म्हणून ठीक, पण लाज वाटायची ती वाटलीच.

१० ऑक्टोबर १९१० हा डॉक्टरांचा जन्मदिवस. महापालिकेने घराची डागडुजी करून २०१२ साली ते स्मारक म्हणून खुलं केलं. भिंतींवर फोटो आहेत, पण मन रेंगाळतं ते नावांपाशी. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर सेनापती चू ते यांनी नेहरूंकडे डॉक्टर मागितले. सप्टेंबर १९३८ मध्ये काँग्रेसने मुंबईहून पाच जण बोटीने धाडले: अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस. चोळकर नागपूरचे, म्हणजे पाचांत दोघे आपले. चीनमध्ये पाचांनीही नावाच्या शेवटी ‘हुआ’ लावून घेतलं. हुआ म्हणजे चीन. आपले कोटणीस झाले ‘के दीहुआ’.

चौघे परतले. कोटणीसांना तिकडेच वडील गेल्याची बातमी कळली, तरी ते आले नाहीत. कॅनडाहून तिथेच जखमींच्या सेवेला आलेले डॉ. बेथून शस्त्रक्रिया करताना बोट कापून, रक्तात विष भिनून गेले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे कोटणीस १९४१ मध्ये प्रमुख झाले. त्याच वर्षी परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचं लग्न झालं. पुढच्या वर्षी मुलगा झाला, त्याचं नाव ‘यिनहुआ’. यिन म्हणजे भारत. दोन देश एका पाळण्यात! पोर तान्हं असतानाच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी डॉक्टर गेले. वय अवघं बत्तीस. यिनहुआही वैद्यकीचं शिक्षण घेत असताना पंचविशीच्या आतच, १९६७ साली गेला.

बहुतेकांना कोटणीस माहीत आहेत ते शांतारामबापूंच्या १९४६ च्या सिनेमामुळे. मला मात्र पडद्यावरच्या डॉक्टरापेक्षा या घरातून निघालेला मुलगा जवळचा वाटला.

त्यांची समाधी शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे. एप्रिलमध्ये छिंगमिंगला, म्हणजे तिकडच्या पितरांच्या दिवशी, लोक तिथे फुलं वाहतात. आपल्याला एवढ्या लांब जायला नको. पुढच्या खेपेला सोलापुरातलं काम उरकलं की एक एसटी सोडा. अर्धा तास पुरतो.