वाद्यपारख, लेखांक सातवा : बास गिटारीची दांडी

गेल्या चैत्रात, ऊन अगदी माथ्यावर आलेले असताना, माझा पुतण्या काळ्या कापडी पिशवीतले एक लांबलचक वाद्य खांद्याला अडकवून घरी आला आणि ते ओसरीवरच्या सतरंजीवर अलगद ठेवून म्हणाला, ‘‘काका, अकरा हजार दिलेत. पैसे पाण्यात गेले की कामी लागले, तेवढं बघून सांगा.’’ हा मुलगा एकादशीला मठातल्या भजनात पखवाजाला बसतो आणि एरवी भक्तिगीतांच्या एका वाद्यवृंदात बास गिटार वाजवितो. त्याचा प्रश्न आज पंढरपुरातील, किंबहुना सोलापूर जिल्ह्यातील, कितीतरी होतकरू वादकांच्या मनात असणार. सबब आजचा लेखांक मी त्या एका प्रश्नाच्या उत्तरासाठीच राखून ठेविला आहे.

तंबोऱ्याच्या खर्जासंबंधी गेल्या आठवड्यात जे विवेचन केले, ते ज्यांच्या स्मरणात असेल त्यांना बास गिटारीचे प्रयोजन समजावून देण्यास फार शब्द खर्चावे लागणार नाहीत. काळी एक पट्टीत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ वेळा कंप पावते. बास गिटारीची सर्वांत जाड तार त्याहूनही खाली, सुमारे ४१ कंपनांवर बोलते, आणि पुढील तीन तारा प्रत्येकी षड्ज-मध्यमाच्या अंतराने ५५, ७३ व ९८ कंपनांवर लावलेल्या असतात. पखवाजाच्या धुम्याला कणीक लावून आपण जो घुमारा उत्पन्न करतो, तो घुमारा स्वरात बांधून, गाण्याच्या पायाखाली अखंड अंथरीत जाणे, हे या वाद्याचे कर्तव्य आहे. भजनात धुम्याचा बोल चुकला तर गाणाऱ्याचे पाऊल अडखळते, हे ज्याने अनुभविले आहे त्याला बास गिटारीची जबाबदारी वेगळी सांगावी लागत नाही.

हे वाद्य वयाने तरुण आहे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी १९५१ साली ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणली, तेव्हा तिच्या नावातच तिचा दावा होता : तोवर खर्जाचे काम करणाऱ्या माणूसभर उंचीच्या उभ्या डबल बासला पडदे नसत, स्वर वादकाच्या बोटावर अवलंबून असे, या नव्या वाद्याला पडदे होते, म्हणून स्वर नेमका पडे. तारेची मोकळी लांबी तेव्हा ३४ इंच धरली गेली, आणि आज स्वस्तातल्या स्वस्त बास गिटारीवरही बहुधा तेच माप आढळते. हिंदी चित्रपटसंगीताच्या श्रोत्यांनी तर राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांची बास, वादकाचे नाव ठाऊक नसतानाही, वर्षानुवर्षे ऐकलेली आहे.

आता पारखेकडे वळू. आणि ती शिकण्यासाठी परदेशी जाण्याची आवश्यकता नाही. मिरजेचे सतारी-तंबोरे एकोणिसाव्या शतकापासून देशभर नावाजलेले आहेत. हत्यारांना पाणी देणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी त्या कारागिरीचा पाया घातला, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही लाभले. परंतु त्या तंबोऱ्यांचे भोपळे आपल्या पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातून जातात, ही गोष्ट आपल्याच मुलांना पुष्कळदा ठाऊक नसते. भोपळा निवडताना जाणकार माणूस त्याच्या वरच्या रंगाकडे पाहत नाही. साल पुरेशी जाड आहे काय, फळ वेलीवर पक्व झाले आहे काय, घेर एकसारखा आहे काय, याची तो खातरजमा करतो. कारण उघड आहे. खुंट्या बदलता येतात, घोडी नवी बसविता येते, जवारी पुनःपुन्हा काढता येते, तारा तर झिजण्यासाठीच असतात. पण कच्च्या भोपळ्याला नंतर कोणताही कारागीर पक्व करू शकत नाही. जे मागाहून पालटता येत नाही त्याचीच किंमत आधी करावी, हा या परीक्षेचा मूलमंत्र आहे, आणि अल्प मोलाच्या बास गिटारीस तो अक्षरशः लागू पडतो.

बास गिटारीत भोपळ्याचे ते स्थान दांडीला आहे. चारही तारा स्वरात चढविल्या म्हणजे त्यांची एकत्रित ओढ सुमारे ८० किलोंच्या घरात जाते; सिमेंटच्या दीड पोत्याहून अधिक वजन त्या लांब, सडपातळ लाकडाला रात्रंदिवस वाकवू पाहत असते. तिला प्रतिकार करण्यासाठी दांडीच्या पोटात एक पोलादी सळई, जिला ट्रस रॉड म्हणतात, बसविलेली असते. लाकूड नीट मुरलेले नसेल, किंवा सळई गंजून जाम झाली असेल, तर वाद्याचे रूप कितीही देखणे असो, ते लवकरच भिंतीवरच्या खुंटीचे धनी होते.

पुतण्याची गिटार मी प्रथम वाजविली नाही. ती उताणी उचलून, तिचे शिर डोळ्याजवळ आणून, एक डोळा मिटून, सुतार फळीची धार पाहतो तशी दांडीची कड शिरापासून घोडीपर्यंत न्याहाळली. आधी डावी कड, मग उजवी. दोन्ही कडा सारख्या धावत होत्या. एक सरळ आणि दुसरी वळलेली दिसती, तर दांडीला पीळ पडला आहे असे समजावे, आणि असे वाद्य निम्म्या किमतीतही घेऊ नये. कारण सळई दांडीचा बाक कमीजास्त करू शकते, पीळ मात्र काढू शकत नाही. त्यानंतर जाड तार पहिल्या पडद्यावर एका बोटाने व शेवटच्या पडद्यावर दुसऱ्या बोटाने दाबून मी सातव्या-आठव्या पडद्यापाशी पाहिले. तेथे तार आणि पडदा यांत साध्या भेटकार्डाच्या जाडीएवढी, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे तृतीयांशाइतकी, फट असावी. फट मुळीच नसेल तर तार मधल्या पडद्यांवर आपटून करकरते. बोट शिरेल इतकी असेल तर बाक वाजवीपेक्षा अधिक आहे. या मुलाच्या वाद्यात ती दुप्पट भरली, परंतु सळईला पाव फेरा देताच फट आवळली, अर्थात सळई जिवंत होती. आणि माझ्या मनातील निम्मी शंका तेथेच फिटली.

मग पडदे. दांडीच्या कडेवरून मी अंगठा शिरापासून खाली फिरविला, तो पडद्यांची टोके करवतीच्या दातांसारखी बोचली. हा दोष आपल्या हवामानाचा आहे, आणि त्याला घाबरून जाण्याचे कारण नाही. सोलापूर जिल्ह्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी होते, लाकूड आक्रसते. धातूचे पडदे मात्र होते तेवढेच राहतात व त्यांची टोके बाहेर डोकावू लागतात. बारीक कानशीने कुशल हात ती तासाभरात गुळगुळीत करतो. मात्र पडद्यांचे माथे एका पातळीत नसणे हा गंभीर दोष होय. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर, एकही न वगळता, दाबून वाजवावी. ऐंशी-नव्वद स्वर होतात, दहा मिनिटे लागतात, आणि दुकानदाराने घाई केली तरी ती दहा मिनिटे सोडू नयेत. एखाद्याच ठिकाणी करकर असेल तर एखादा पडदा उचललेला असतो, तो ठोकून बसविता येतो; जागोजाग करकर असेल तर सबंध दांडी घासून समतल करावी लागेल, आणि त्या मजुरीने स्वस्ताई संपुष्टात येते.

तिसरी परीक्षा सप्तकाची. बारावा पडदा तारेच्या मध्यावर असतो. तेथे तारेला केवळ स्पर्श करून छेडल्यास वरच्या सप्तकाचा स्वयंभू स्वर उमटतो. त्याच पडद्यावर तार दाबून छेडल्यास तोच स्वर निघाला पाहिजे. तंबोऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाला हा फरक कोणत्याही यंत्राविना कळतो. फरक आढळला तर घोडीवरचा तारेचा आधार स्क्रूने मागेपुढे सरकवून तो मिटविता येतो. आधार पार टोकाला नेऊनही मिटत नसेल तर घोडीच चुकीच्या जागी बसविली आहे असे समजावे, आणि ते वाद्य परत करावे. त्याच वेळी दोन्ही कडेच्या तारा दांडीच्या कडांपासून सारख्या अंतरावर आहेत की नाहीत, हेही पाहून घ्यावे. दांडीचा सांधा तिरपा बसला असेल तर तो येथे आपोआप उघडा पडतो.

यानंतरच वीज जोडावी. पिकअप म्हणजे तारेच्या कंपनाचे विजेत रूपांतर करणारे चुंबक व तारेचे वेटोळे. स्वस्त वाद्यातही ते बहुधा कामापुरते असतात आणि पुढेमागे बदलताही येतात. एकेरी वेटोळ्याचे पिकअप घरातल्या विजेची ५० कंपनांची गुणगुण पकडतात, म्हणून तेवढ्यावरून वाद्य सदोष ठरवू नये. १९५७ पासून प्रिसिजन बासवर आलेल्या दुभंगलेल्या पिकअपमध्ये, तसेच दोन पिकअप असलेल्या वाद्यात दोन्ही सारख्याच प्रमाणात खुले ठेविले असता, ही गुणगुण बव्हंशी लोपते. आवाजाची कळ फिरविताना होणारी खरखर धुळीची असते व साफ करण्याच्या फवाऱ्याने जाते. वायर जोडण्याचे भोक ढिले असणे, पिकअपचे स्क्रू गंजलेले असणे, तारा काळवंडलेल्या असणे, शिराकडची प्लॅस्टिकची अटी उंच असणे, हे सर्व किरकोळ तपशील होत. त्यांच्या आधारे किंमत अवश्य उतरवून घ्यावी, पण चांगली दांडी असलेले वाद्य त्यांच्यापायी सोडू नये. एक गोष्ट मात्र पट्टा गळ्यात घालून तपासावी : हात सोडले असता शिर जमिनीकडे झुकते काय? सप्ताहात विण्याचा पहारा ज्यांनी उभ्याने केला आहे त्यांना खांद्यावरील वाद्याचा तोल म्हणजे काय हे सांगणे नलगे. डाव्या हाताने शिर सावरीत बसावे लागले, तर तो हात स्वर कधी धरणार?

ही पारख मला फुकट आलेली नाही. काही वर्षांपूर्वी याच पुतण्याच्या मोठ्या भावासाठी मी केवळ चित्र पाहून, पार्सलने, एक लालभडक, आरशासारखी चकाकणारी बास गिटार मागविली होती. आठ दिवस घरात उत्सव होता. नवव्या दिवशी सातव्या पडद्यापुढचा प्रत्येक स्वर करकरू लागला, मी दांडीवर डोळा लावला, आणि पीळ दिसला. विक्रेत्याने मुदत संपल्याचे कारण पुढे केले. पैसे गेले ते गेलेच, पण त्याहून मोठे नुकसान असे झाले की, आपल्याच बोटांत दोष आहे असे समजून त्या मुलाने सहा महिन्यांत वाद्य कायमचे खाली ठेविले. निकृष्ट वाद्य पैसा तर घेतेच, शिवाय शिकणाऱ्याचा आत्मविश्वासही हिरावून नेते, आणि तो कोणत्याही दुकानात परत मिळत नाही. म्हणून ज्यांचे बजेट तोकडे आहे त्यांनी तर अधिकच काटेकोर असावयास हवे. श्रीमंत माणसाला चूक परवडते, गरिबाच्या मुलाला परवडत नाही.

त्याच न्यायाने हिशेबही मांडावा. वाद्याची चिठ्ठीवरील किंमत ही किमतीचा केवळ पहिला हप्ता असते. हाती पंधरा हजार असतील तर सर्व वाद्यावर न लावता अकरा-बारा हजारांत थांबावे, आणि उरलेले तारांचा नवा संच व जाणत्या कारागिराकडून होणारी जुळवणी यांसाठी राखून ठेवावे; नीट जुळविलेले साधे वाद्य न जुळविलेल्या महाग वाद्यापेक्षा हाताला अधिक सुख देते. सोलापूरला किंवा पुण्याला जाऊन वाद्य हाताळून घेण्यात एक दिवस आणि प्रवासखर्च जातो खरा, परंतु दांडी डोळ्याने पाहण्याचा तो मोबदला समजावा. वापरलेले वाद्य मिळत असेल तर त्याचाही अव्हेर करू नये : दोन-तीन उन्हाळे आणि पावसाळे काढूनही ज्याची दांडी सरळ राहिली, त्या लाकडाने आपली साक्ष दिलेलीच असते, आणि नव्या वाद्याला ती अद्याप द्यावयाची असते.

पुतण्याच्या गिटारीवर तारा, कानसकाम व जुळवणी मिळून सुमारे तीन हजार आणखी खर्ची पडले. जुळवून आणल्यानंतर त्याने ती सतरंजीवर बसूनच, वीज न जोडता, मांडीवर घेतली. सर्वांत जाड तार एकदा छेडली आणि स्वर विरेपर्यंत तिला पुन्हा हात लावला नाही. मी दांडीच्या मागे तळहात ठेविला होता. स्वर कानाला ऐकू येईनासा झाल्यावरही लाकडातील थरथर काही क्षण तळहाताला जाणवत राहिली. ‘‘पैसे कामी लागले,’’ असे मी त्याला तेव्हा सांगितले.

परंतु ४१ कंपनांचा तो स्वर मंडपातील शेवटच्या रांगेपर्यंत न्यावयाचा, तर भजनाच्या लहान ध्वनिक्षेपकाचे बळ अपुरे पडते, आणि अविचाराने जोर दिल्यास त्याचा पडदा फाटतो. बास गिटारीचा ध्वनिवर्धक कसा निवडावा, हा पुढील लेखांकाचा विषय.