मेंदूचा रक्तप्रवाह नेमकी कोणती तपासणी मोजते?

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातलं सुमारे १५ टक्के त्याला लागतं. निरोगी मेंदूच्या दर १०० ग्रॅम भागाला मिनिटाला सरासरी ५० मिलिलिटर रक्त मिळतं. हे प्रमाण २० च्या खाली गेलं की पेशींचं काम बंद पडू लागतं आणि १० च्या खाली गेलं की त्या झपाट्याने मरतात. या दोन आकड्यांमधला भाग वेळेत रक्त मिळालं तर वाचू शकतो. म्हणून कोणती तपासणी काय सांगते, हे माहीत असायला हवं.

गैरसमज : सीटी नॉर्मल आला, म्हणजे रक्तपुरवठा ठीक आहे.
वस्तुस्थिती : साधा सीटी रक्तप्रवाह मोजतच नाही. मेंदूत रक्तस्राव झाला आहे का, हे तो चटकन दाखवतो. पण गुठळी अडकल्यानंतर पहिले काही तास तो नॉर्मल दिसू शकतो. प्रवाहासाठी सीटी परफ्यूजन करतात. शिरेतून आयोडीनयुक्त डाय देऊन मिनिटभर एकापाठोपाठ एक प्रतिमा घेतात आणि डाय कुठे उशिरा पोहोचला, कुठे पोहोचलाच नाही, हे पाहतात.

गैरसमज : डाय दिल्याशिवाय प्रवाह मोजता येत नाही.
वस्तुस्थिती : 'आर्टेरियल स्पिन लेबलिंग' या एमआरआय पद्धतीत मानेतून वर जाणाऱ्या रक्तातल्या पाण्यावरच चुंबकीय खूण केली जाते. ना सुई, ना किरणोत्सर्ग. मात्र ही खूण काही सेकंदांतच पुसली जाते. अरुंद धमन्यांतून रक्त रेंगाळत आलं, तर पुरवठा आहे त्याहून कमी दिसतो.

गैरसमज : डॉप्लरही रक्तप्रवाहच मोजतो.
वस्तुस्थिती : डॉप्लर मोजतो रक्ताचा वेग. बागेतल्या नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं की धार जोरात उडते, पण बादली लवकर भरत नाही. अरुंद धमनीतही तसंच. तरीही हा वेग फार मोलाचा आहे. सिकलसेल असलेल्या मुलांत तो सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा अधिक भरला, तर पक्षाघाताचा धोका मोठा असतो. अशा मुलांना नियमित रक्त दिल्यास हा धोका सुमारे ९० टक्क्यांनी घटतो, हे अमेरिकेतल्या 'स्टॉप' चाचणीने १९९८ मध्ये दाखवलं. विदर्भात आणि नंदुरबारमध्ये सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. तिथल्या मुलांपर्यंत ही साधी, वेदनारहित तपासणी पोहोचायलाच हवी.

गैरसमज : सर्वांत अचूक तपासणी प्रत्येकाला करावी.
वस्तुस्थिती : अचूकतेचा मानदंड म्हणजे ऑक्सिजन-१५ वापरून केलेला पेट स्कॅन. पण या किरणोत्सारी ऑक्सिजनचं प्रमाण दर दोन मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळे तो बनवणारं सायक्लोट्रॉन यंत्र जवळच लागतं. पक्षाघाताच्या रुग्णाला इतका वेळ नसतो. पहिल्या साडेचार तासांत आलेल्या बहुतेक रुग्णांत तर गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं की नाही, हे ठरवायला साधा सीटीही पुरतो.

गैरसमज : कोणतेही दोन रिपोर्ट ताडून सुधारणा कळते.
वस्तुस्थिती : पद्धत बदलली की आकडे बदलतात. स्कॅनआधी घेतलेली कपभर कॉफीही मेंदूतला प्रवाह कमी करते. तुलना करायची तर तपासणी शक्यतो त्याच पद्धतीने, त्याच यंत्रावर करावी आणि आधी काय खाल्लं-प्यायलं ते तंत्रज्ञाला सांगावं.

तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर तपासणी कोणती करायची याचा खल करत बसू नका. सीटीची सोय असलेलं आणि पक्षाघातावर उपचार करणारं जवळचं रुग्णालय ताबडतोब गाठा.